तिसरी घागर

शुक्रवारी दुपारी आम्ही भंडाऱ्याला सिनेमा पाहिला. मध्यंतराच्या आधी मोठी माय उठली आणि बाहेर गेली. तिच्या मागे आई गेली, आईच्या मागे मी. पायऱ्यांवर बसून मोठी माय म्हणाली, "माही बहीण मेली नाई." संध्याकाळच्या बसनं आम्ही करडीला परतलो.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या घरात चुली दोन होत्या, अंगण एकच होतं. मी तिच्या अंगणात जितकी वाढले तितकीच आईच्या. ती आमच्या भागातली नव्हती. चांद्याच्या खाली, वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावरची होती. तो काठ तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. इकडे लग्न होऊन आल्यावर ती आमच्यासारखीच बोलायला लागली, पण फार रागावली की तोंडून एखादा तेलंगी शब्द निघायचा. तो काय आहे हे विचारलं तर सांगायची नाही. माहेराबद्दलही एवढंच म्हणायची की ते तिकडचं आहे, आणि हात दक्षिणेकडे करायची.

तिचे आईवडील मी जन्मण्याआधीच गेले होते. तिला भाऊ नव्हता. म्हणून अक्षय तृतीयेला माहेरच्या घागरी तीच भरायची. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरून ठेवतात, एका माणसाची एक घागर. कुंभाराकडून आणलेली कोरी घागर, तोंडावर आंबा नाहीतर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी पानावर नैवेद्य. उन्हाळ्यात गेलेल्यांनाही तहान लागते, असं त्यामागचं साधं म्हणणं. आमच्या घराण्याच्या घागरी मोठे बाबा, म्हणजे तिचे यजमान, तुळशीजवळ मांडायचे. मोठ्या मायच्या दोन घागरी भिंतीकडे असायच्या. एक बापाची, एक आईची. लग्न झालेल्या बाईनं माहेरच्या घागरी सासरच्या अंगणात मांडायची रीत नव्हती, पण मोठ्या बाबांनी कधी अडवलं नाही.

तिला एक थोरली बहीण होती आणि ती नदीत बुडून मेली, एवढं गावाला माहीत होतं. लग्न जुळवताना तिच्या मामानं तसं सांगितलं होतं. त्यामुळे दरवर्षी शेजारची काकू कुंपणावरून डोकावून विचारायचीच.

"काहून वो बाई, बहिणीची घागर कुठी हाय? तिले काय तहान नाई लागत?"

"तिले पाजनारे हायेत," मोठी माय म्हणायची.

आम्हांला वाटायचं, ती देवाबद्दल बोलते आहे.

आणीबाणी उठून गेली होती. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकत होते. त्या उन्हाळ्यात मोठ्या मायच्या मुलीचं लग्न ठरलं. बस्ता काढायला म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला आम्ही चौघी बायका भंडाऱ्याला गेलो. मोठी माय, आई, शेजारची काकू आणि मी. कपडे लवकर झाले, आणि परतीच्या बसला वेळ होता. टॉकीजवर एका संताचा सिनेमा लागलेला आहे हे काकूनं आधीच शोधून काढलं होतं. बाजारात तिकडचाच रस्ता धरायचा तिचा आग्रह त्यासाठीच होता.

धार्मिक सिनेमाला आमच्याकडच्या बायका चपला बाहेर काढून आत जात. पडद्यावर देव आला की हात जोडत, कोणी आरतीला नाणं टाकत. काकूनं नारळही घेतला होता. चौघींनी चपला दारापाशी ओळीनं काढल्या आणि अनवाणी आत जाऊन बसलो. पण तो शुक्रवार होता. नागपूरहून रिळांची नवी पेटी आली होती, सिनेमा बदलला होता, आणि बाहेरचा फलक अजून उतरवला नव्हता. हे आम्हांला कोणी सांगितलं नाही. तिकीट देणाऱ्याला वाटलं असेल, बायकांना सगळे सिनेमे सारखेच.

सिनेमा हिंदी होता. देशाची फाळणी होत असतानाचं एक घर. बाहेरच्या खोलीत पुरुष नकाशावर बोटं ठेवून बोलायचे, वर्तमानपत्रं वाचायचे, कुठल्या बाजूला कोणता झेंडा लागेल यावर भांडायचे. आत स्वयंपाकघरात तीन बायका. सासू, सून आणि लग्नाची मुलगी. सून गहू निवडायची. सासू म्हणायची की लोणचं आत्ताच घातलंय, ते मुरल्याशिवाय मी कुठं जाणार नाही. त्या घराशेजारी दुसऱ्या धर्माचं घर होतं आणि दोन्हीकडच्या बायका भिंतीवरून पीठ-मीठ द्यायच्या. गाणी नव्हती. लढाईही दिसत नव्हती, फक्त दूरचा गलका ऐकू यायचा आणि बायका हातातलं काम थांबवून कान द्यायच्या.

"अवो, थो देव कधी निघते?" काकू कुजबुजली.

"निघन नं. बस गप," आई म्हणाली.

"नारळ फोडावं का ठेवावं?"

"ठेव, घरी चटणी करू."

काकू हसली. मग कोणी हसलं नाही. त्या घरातली मुलगी पळापळीत मागे राहिली. काही दिवसांनी एका छावणीत तिला आणून उभं केलं. समोर तिचा बाप, त्याचं बोट धरून धाकटी बहीण. अधिकाऱ्यानं विचारलं, ही तुमचीच का? बापानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ही माझी मुलगी नाही. धाकटीनं मान वर करून बापाकडे पाहिलं.

तेव्हा मोठी माय उठली.

बाहेर उन्हानं पायऱ्या तापल्या होत्या. ती त्यांवर अनवाणीच बसली. चपला शेजारीच होत्या, त्या तिनं घातल्या नाहीत.

"बाई, काय झालं वो? चक्कर आली का?" आईनं विचारलं.

"थो सिनेमा खोटा हाय," मोठी माय म्हणाली.

"सिनेमा त खोटाच असते बाई."

"तसं नाई. त्यातला बाप बोलला तरी. माहा बाप काईच नाई बोलला."

मग तिनं बहीण मेली नसल्याचं ते वाक्य म्हटलं. आणि पुढचं सगळं, एका दमात नाही, थांबत थांबत. मी तेव्हा जे ऐकलं ते असं होतं. संस्थान जाण्याच्या आधीच्या त्या दिवसांत बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरत होती. नदीकाठची घरं बायकामुलांना घेऊन इकडे उतरत होती. तिची बहीण तापानं फणफणली होती, तिला उचलून नदी पार करणं होईना. त्यांच्या घरी बांगड्या भरायला एक मुसलमान म्हातारी यायची. तिनं सांगितलं, पोरीला माझ्याकडे ठेवा, बरी झाली की पोचवते. बापानं ठेवलं. इकडे मामाच्या गावी आल्यावर आठवडे गेले, मग महिने गेले. तिकडे फौज आली, राज्य बदललं. आता बदला घेणारी माणसं फिरायला लागली. ती दुसऱ्या बाजूची होती. कोणीच कोणाला पोचवू शकलं नाही. सगळं निवळल्यावर बाप बैलगाडी घेऊन गेला. सोबत धाकटीला, म्हणजे मोठ्या मायला नेलं.

"थे दारात आली," मोठी माय म्हणाली. "हिरव्या चुड्या हातात. लगन झालं होतं तिचं थ्याच घरी. म्हातारी म्हने, बसा, पानी घ्या. लोटा आनला. माह्या बापानं लोट्याले हात नाई लावला. गाडी फिरवली. मी मागं पाहून राहिली होती. थे बी पाहून राहिली होती."

"मंग?" आई म्हणाली.

"मंग नदीपाशी आल्यावर बापानं सांगतलं, तू कोनाले पायलं नाई. घरी मायले म्हने, नदीनं नेली. तेरवी केली तिची. गावजेवन देल्लं."

"जित्या मानसाची तेरवी!" काकू केव्हा मागे येऊन उभी राहिली ते आम्हांला कळलं नव्हतं. तिच्या हातात नारळ होता. दरवर्षीचा तिचा प्रश्न तिला तेव्हा आठवला असावा. ती मोठ्या मायच्या पायांपाशी बसली आणि तिनं चपला उचलून तिच्या पायांत घातल्या.

संध्याकाळची बस धरली. गाव येताना मोठी माय एवढंच म्हणाली, "मले एक डाव तिले पाहाचं हाय. बोलाचं नाई काई. पाहाचं हाय फक्त."

घरी मोठ्या बाबांना तिनं स्वतःच सांगितलं. ते ओटीवर बसून ऐकत होते. मला भीती वाटत होती की ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. पायाचा अंगठा दाबत म्हणाले, "इतकी वर्सं काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू? बापानं नाई म्हनलं होतं."

"जाऊ," ते म्हणाले. "पोरीचं लगन होऊ दे. आत्ता बोभाटा झाला त व्याही फिरतीन. लगन झालं का जाऊ."

ते मनापासून म्हणाले होते. हे मला आजही लिहून ठेवावंसं वाटतं, कारण पुढं जे झालं त्यात नाही असं कोणीच म्हटलं नाही. लग्न झालं. तोवर पऱ्हे टाकायची वेळ आली. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती वेळेत वर आली नाहीत तर रोवणी चुकते, आणि रोवणी चुकली तर वर्ष चुकतं. "रोवना झाला का जाऊ," मोठे बाबा म्हणाले. रोवणी झाली तशी निंदण आलं. निंदणानंतर पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, धरायचं, मग कापणी, मग चुरणी म्हणजे मळणी. धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा. मंडईला सगळे पाव्हणे आपल्या गावी येतात, तेव्हा घर सोडून जाता येत नाही. त्यानंतर लाखोरी, म्हणजे धानामागून पेरलेली डाळ, काढायची. मग उन्हाळा, कोणाचं तरी लग्न, आणि पुन्हा पऱ्हे.

धान पिकवणाऱ्या माणसाचं वर्ष असं गोल असतं. त्यात शिरायला फट नसते. मी बाहेर शिकायला गेल्यावर मला ते दिसलं. आत असताना दिसत नव्हतं. मोठी मायही त्या गोलाच्या आतच होती. मी एकदा म्हटलं, "मोठी माय, रोवणीचं मी पाहते, तुम्ही दोघं जा." तर तीच म्हणाली, "अवो, तुले मजूर ऐकतीन का? पऱ्हे सडून जातीन. बहीण काय पयते?" बहीण कुठं पळते, असं. ती इतकी वर्षं तिथं आहे, आणखी एक पावसाळा राहील, हाच हिशेब सगळ्यांच्या मनात होता. तिच्याही.

मधल्या काळात तिनं बहिणीसाठी एक पातळ घेऊन ठेवलं. आंधळगावहून कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं. आमच्या घरात सुनांनाही कोसा मिळाला नव्हता. काकूनं चिडवलं, "बाई, मले नाई नेसवत असं कधी. मीबी नदीपलीकडं जाऊन राहू का?" मोठी माय हसली. पातळाची घडी मोडू नये म्हणून तिनं ते धोतराच्या फडक्यात बांधलं आणि पेटीत सगळ्यांत खाली ठेवलं.

मग एका वर्षी पाऊस आला नाही. पऱ्हे जागीच पिवळे पडले. बोड्या, म्हणजे गावची लहान तळी, भरल्या नाहीत, रोवणी झालीच नाही. कापायला काही नव्हतं. मंडईही गावानं नावापुरती केली. गावात माणसं बसून होती. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. तोवर मी एका शाळेत शिकवायला लागले होते. मोठे बाबा म्हणाले, "चाल बाई, यंदा येळ हाय." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. वेळ आम्हांला अशा वर्षीच मिळाला.

आम्ही तिघं गेलो. बल्लारशाहपर्यंत रेल्वे, पुढं बस, पुढं चालत. मोठ्या मायनं पेटीतलं बोचकं छातीशी धरलं होतं. गाव तिला ओळखता येईना. विहीर दिसली तेव्हा ओळखलं, आणि मग ती आमच्या पुढं चालायला लागली. गल्लीच्या टोकाला निळा चुना दिलेलं घर होतं. दाराला कुलूप होतं.

समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. मोठ्या मायनं नाव विचारलं, बापानं ठेवलेलं नाव. म्हातारीला ते कळलं नाही. मग मोठी माय म्हणाली, "चुडीवालीची सून."

"अच्छा, अम्मा. वो तो गई ना. गर्मी में जमाई आको ले गया. हैदराबाद."

"हैदराबादमध्ये कुठं?" मी विचारलं.

"क्या मालूम बेटा. बड़ा शहर. ये बोले तो आँखां कमजोर हो गए थे, अकेली कैसे रहती." तिनं मोठ्या मायच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम कौन?"

 मोठी माय कुलूपबंद दाराशेजारच्या लिंबाखाली पाहत होती. तिथं जमिनीत तीन वाटोळे खळगे होते. माठ ठेवून ठेवून पडलेले.

"वो पानी रखती थी उधर," म्हातारी म्हणाली. "गर्मी भर. आते-जाते सब पीते. पहले दो घड़े रखती थी, अब्बा-अम्मा के नाम के. वो दोनों का सुनी थी बाजार में, कि गुजर गए. अभी थोड़े साल से तीसरा रखी. छोटी बहन का."

"तिसरा काहून?" मोठी माय म्हणाली. तिनं मराठीतच विचारलं.

म्हातारीला समजलं. "बोली, जिंदी रहती तो अब तक आती."

मोठे बाबा खाली बसले. मोठी माय उभीच होती. ती म्हणाली, "मंजे मी मेली त इथं," आणि हसली. तसं हसणं मी तिच्याकडून त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकलं नाही. मग तिनं म्हातारीकडे पाणी मागितलं. म्हातारीनं लोटा आणला. मोठ्या मायनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा प्यायली. मोठ्या बाबांनी आपल्या हयातीत दुसऱ्या धर्माच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. "मलेबी द्या," म्हणाले.

कोशाचं पातळ म्हातारीकडे ठेवावं असं मोठ्या मायच्या मनात होतं. म्हातारीनं बोचकं परत तिच्या हातात दिलं. "मेरा क्या भरोसा," म्हणाली.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. भर रोवणीत, बांधीत चिखल तुडवत असताना मोठे बाबा एकदम थांबले आणि बांधावर येऊन म्हणाले, "चालतं का हैदराबादेले? आत्ता जाऊ. राहू दे हे."

मोठ्या मायनं हातातल्या पऱ्ह्यांची मूठ खाली ठेवली नाही. "कोनत्या दारात जाऊ?" म्हणाली. "शहर हाय थे." आणि पुन्हा वाकली. मोठे बाबा परत चिखलात उतरले. त्यानंतर 'रोवना झाला का' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत, कशाच्याही संदर्भात.

मी पुस्तकांत त्या काळाबद्दल शोधलं. जे मिळेल ते वाचलं. तारखा मिळाल्या, करार मिळाले, कोण कोणाला भेटलं ते मिळालं. नदीच्या त्या काठावर तापात राहिलेल्या मुलीबद्दल काही मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती, तरी मी शोधत होते. सुट्टीत घरी गेले की मोठी माय विचारायची, "त्यात बायाइचं काई हाय का?" मी म्हणायचे, "थोडं आहे." ती मान हलवायची. चौऱ्याऐंशी साली रेडिओवर दिल्लीच्या बातम्या यायच्या. माणसं मारली, घरं जाळली, असं निवेदक सांगायचा. ती चुलीपुढं बसून ऐकायची आणि शेवटी रेडिओ बंद करायची. "बाया कुठी गेल्या थे सांगतच नाई," म्हणायची.

तो सिनेमा पुढं कुठं पाहायला मिळाला नाही. त्याचा शेवट काय झाला हे आम्हां कोणालाच माहीत नाही. काकू म्हणायची, शेवटी त्या पोरीले घरात घेतलं असंन, सिनेमा हाय थो. 

त्या दशकाच्या अखेरीस मोठी माय गेली. तोपर्यंत अक्षय तृतीयेला ती दोनच घागरी मांडत होती. शेवटच्या वर्षी तिला उठवत नव्हतं, म्हणून मी कुंभाराकडे गेले. तो सवयीनं म्हणाला, "दोन नं?" मी घरी येऊन तिला विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"दोनच," म्हणाली. "तिनं माही भरली. मी तिची नाई भरनार."

मोठे बाबा, आई, काकू सगळे त्यानंतर एकेक करून गेले. शेत वाट्यानं दिलेलं आहे. कोशाचं पातळ माझ्या पेटीत त्याच फडक्यात आहे. अक्षय तृतीयेला मी मोठ्या मायच्या नावाची घागर भरते. तिच्या बहिणीची भरत नाही.